डावीकडची खाच

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "हे काय, शिवणयंत्र आहे का?" त्याचं फारसं चुकत नाही. उजव्या अंगाला हाताने फिरवायचं चाक, पुढे धारदार पातं, सगळं अंग ओतीव लोखंडाचं आणि वजन एवढं की उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. पण शिवायचं काम आपलं नव्हे. मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव ऐकून पळू नका, काम सोपं आहे. शाळेत तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा बघितला असेल. कांदा बिचारा गुणी, आपला पापुद्रा आपणच सोडतो. पण मेंदूचा पापुद्रा कोण काढणार? तो लोण्यासारखा मऊ. म्हणून त्याला आधी मेणात बसवतात. मेण गार झालं की ठोकळा तयार होतो. तो ठोकळा माझ्या पकडीत आवळायचा आणि चाक फिरवायचं. दर फेऱ्याला केसापेक्षाही कितीतरी पातळ असा एक काप सुटतो. काप एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांची फीत बनते. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर अलगद उचलून घ्यायची. झालं माझं काम. पुढचं सूक्ष्मदर्शक बघून घेतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. आत ठोकळा वरखाली करणारी माझी जी सरकपट्टी आहे, ती एका कारागिराने हाताने घासून गुळगुळीत केली. तो चष्मा कपाळावर ढकलायचा, चाक फिरवून कान लावायचा आणि म्हणायचा, "अजून कुरकुरतोय. थांब जरा." माझी कुरकुर पूर्ण थांबेपर्यंत त्याने मला सोडलं नाही. आता तुम्ही म्हणाल, कुरकुर करायची सवय तर अजून गेलेली दिसत नाही. नाहीच गेली. वय झालं की ती परत येते.

तिथून मी या प्रयोगशाळेत आलो. काय माझं कौतुक झालं म्हणून सांगू! खिडकीजवळचं टेबल मला दिलं. माझ्यावर हात चालवायला रांग लागायची. आज ज्या दारातून आत आल्या की सगळे गप्प होतात, त्या मॅडम तेव्हा दोन वेण्यांची विद्यार्थिनी होत्या. त्यांनी आपली पहिली अखंड फीत माझ्यावर काढली आणि "निघाली, निघाली!" म्हणून टाळ्या पिटल्या. त्या मोठ्या झाल्या, प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. मी आहे तिथेच राहिलो.

मग बटणावर चालणारं नवं यंत्र आलं. खिडकीजवळचं टेबल त्याला गेलं आणि मला उचलून बेसिनशेजारी ठेवलं. तिथे सगळ्यांच्या हाताचं पाणी माझ्यावर उडायचं. माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी रचली जायची. एकाने तर पावसाच्या दिवसांत माझ्या चाकाला रोज छत्री अडकवली. मी काय बोलणार? गरज सरो, वैद्य मरो. ही म्हण माणसांनीच केली आहे, यंत्रांनी नाही.

माझी आठवण यायची ती फक्त उन्हाळ्यात. दर उन्हाळ्यात इथे दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येत. दोन-तीन महिने खऱ्या संशोधनात हात घालायचा आणि परत जायचं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. आमच्याकडे त्यांना पाहुणे म्हणायचे. नवं यंत्र महागाचं, म्हणून पाहुण्याने आधी हात साफ करायचा तो म्हाताऱ्यावर, असा दंडकच होता. कुणी पातं बोथट करून जायचं, कुणी मेणाचा चुरा माझ्या सांध्यांत भरून जायचं. सप्टेंबर आला की पुन्हा माझ्या डोक्यावर खोकी.

आणि मग ती आली. अंगात मावशीचा सैल स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर अशी भीती की कुणी "कशी आहेस?" म्हटलं तरी "सॉरी" म्हणेल. तिच्या कॉलेजात सगळ्या वर्गात मिळून एकच चांगला सूक्ष्मदर्शक होता आणि त्यात डोकावायला मिळायचं ते पापणी लवेपर्यंत. तेवढ्यात तिने जे बघितलं, त्याच्यावर तिचा जीव जडला होता. तिला संशोधकच व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

तिला शिकवायचं काम एका ज्येष्ठ विद्यार्थ्याकडे दिलं होतं. तो डॉक्टरेट करत होता, प्रबंध संपत आला होता आणि योगायोगाने तिच्याच भाषेतला निघाला. ती त्याला दादा म्हणू लागली. दोघं आपसात आपल्या भाषेत बोलत. बाकीच्यांची भाषा वेगळी होती, पण मी सगळंच तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो आहे. यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच.

दादा मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. फक्त जीभ तिखट. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "दादा, बर्फ कुठे मिळेल?"

"बर्फाच्या मशीनमध्ये," दादा म्हणाले. "आणि पाणी नळात."

आजूबाजूचे हसले. तीही हसली. पण कान लाल झाले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बेसिनपाशी उभी राहून आईशी फोनवर बोलली. फोन मोठ्या आवाजात होता, म्हणून आईही मला ऐकू आली. "अगं, सारखं सारखं विचारत बसू नकोस. त्यांना वाटेल, पोरगी अगदीच कोरी पाटी आहे. बघून बघून शिकावं माणसाने." आईने लेकीच्या भल्याचंच सांगितलं होतं. पोरगी आज्ञाधारक. त्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं आणि बघून बघून शिकू लागली.

आणि काय शिकली! सुरुवातीला तिच्या फिती तुटायच्या, चुरगळायच्या, उडून तिच्याच बाहीला चिकटायच्या. मग तिला कळलं की ठोकळा आधी बर्फावर ठेवायचा, कापताना त्याच्यावर "हाऽ" करून हलका श्वास सोडायचा, आणि चाक घाईने फिरवायचं नाही. ती मला "आजोबा" म्हणू लागली. "आजोबा, आज जरा सांभाळून घ्या हं." असं म्हणून ती काम सुरू करायची. काम झालं की ब्रशने माझ्या फटीफटीतला मेणाचा चुरा काढायची आणि सरकपट्टीवर तेलाचे थेंब सोडून मऊ फडक्याने पुसायची. मित्रांनो, कित्येक वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं. मी तिला जीव तोडून साथ दिली. तिच्या हाताखाली निघणारी फीत बघायला बटणवाल्या यंत्राजवळची मंडळीही उठून यायची. दादासुद्धा एकदा म्हणाले, "हात आहे बरं का तुला!" त्या दिवशी ती घरी जाताना जिन्यात गुणगुणत गेली.

आता तिचं काम काय होतं ते नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. कोंबडीची अंडी उबवायला ठेवायची. काही अंड्यांवर दिवा लावायचा, काही गडद अंधारात ठेवायची. मग आतल्या पिलाच्या मेंदूतला एक लहानसा भाग घ्यायचा आणि बघायचं, की डावीकडे पेशी जास्त आहेत की उजवीकडे. उजेडाने काही फरक पडतो का, एवढाच प्रश्न. उजेडातल्या अंड्यांचे मेणाचे ठोकळे दादांनी ती येण्याआधीच करून ठेवले होते. अंधारातल्यांचे तिने केले. कापले मात्र सगळे तिनेच, माझ्यावर.

यात एक गोम आहे. पाण्यावर फीत सोडताना ती उलटी पडू शकते. पापुद्रा इतका पातळ की दोन्हीकडून सारखाच दिसतो. उलटा पडला तर डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. म्हणून मेणात बसवण्याआधीच मेंदूच्या एका बाजूला पात्याने इवलीशी खाच करतात. मग काप कसाही पडो, जिकडे खाच ती ठरलेली बाजू. मुलीच्या कॉलेजातल्या सरांनी तिला शिकवलं होतं, की खाच नेहमी डावीकडे करायची. सर बरोबरच होते. तिकडे सगळे डावीकडेच करायचे.

इथे सगळे उजवीकडे करायचे.

हे तिला कुणी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. इथे मॅडम विद्यार्थिनी असल्यापासून खाच उजवीकडेच होत आली होती. उजवीकडे म्हणजे उजवीकडे, त्यात सांगायचं काय? घरात आपण पाहुण्याला सांगतो का, की आमच्याकडे दार आतल्या बाजूला उघडतं? तो आपटला की कळतं. तिनेही विचारलं नाही, कारण तिच्या जगात खाच डावीकडेच असते आणि ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते कोण विचारतं? मी दोघांचे ठोकळे माझ्या पकडीत धरत होतो. मला दिसत होतं. एकीकडे दादांची उजवीकडची खाच, एकीकडे तिची डावीकडची. पण मला चाक आहे, पातं आहे, तोंड नाही.

तिने पेशी मोजल्या. खाच असेल ती बाजू डावी, असं धरून मोजल्या. आणि उत्तर आलं ते बघून तिने खुर्ची मागे सारली. अंधारातल्या पिलांत डावीकडे पेशी जास्त. उजेडातल्या पिलांत उजवीकडे. म्हणजे दिवा लावला की मेंदूची बाजूच पालटते! दादांनी मोजणी तपासली. मोजणीत एक चूक नव्हती. पेशी बरोबर होत्या, बाजू चुकल्या होत्या, पण ते मोजून कसं कळणार?

मॅडम धावतच आल्या. मी त्यांना धावताना बघून जमाना झाला होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी एकामागून एक सगळ्या काचा बघितल्या. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, हे माझ्या आयुष्यात मी पाहिलं नाही. यावर नवा प्रकल्प उभा राहील. त्यात डॉक्टरेटची एक जागा असेल आणि ती तुझी. तू परत यायचंस."

तुझी! तिने फडकं घेतलं आणि उगाचच मला पुसत बसली, मी स्वच्छ असताना. संध्याकाळी आईला फोन. "आई, मला इथे जागा मिळतेय. नंतर परत यायचं. पाच वर्षं. आई, ऐकतेस ना?" पलीकडे आधी हुंदका, मग लगेच, "अहो, ऐकलंत का!" आणि मागून बाबांचा आवाज, "काय झालं? पडली की काय?" दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी मावशी, आत्या, दोन्ही मामा, शेजारच्या काकू आणि इस्त्रीवाला या सगळ्यांपर्यंत पोचली होती. आईच्या पोटात तीळ भिजत नव्हता. आणि का भिजावा? घरातून परदेशी शिकायला निघालेली ही पहिलीच.

मॅडमनी ही बातमी दूरच्या एका परिषदेत सांगितली. प्रकल्पाचा प्रस्ताव तयार होऊ लागला. प्रस्तावात लावायला दोन सुंदर चित्रं हवी होती, एक उजेडातलं आणि एक अंधारातलं. तिची परत जायची वेळ आली होती. त्यामुळे एका सकाळी दादा आणि ती शेजारी शेजारी बसून नवे ठोकळे करू लागले. तोपर्यंत ही दोघं या कामाला एकत्र कधी बसलीच नव्हती.

दादांनी चिमट्याने मेंदू सरळ केला, पातं उचललं आणि सहज, नख काढावं तशी खाच केली.

तिचा हात थांबला. "दादा, तुम्ही हे काय केलंत?"

"काय म्हणजे? खाच."

"अहो, पण उजवीकडे केलीत."

"मग कुठे करतात? उजवीकडेच असते." दादांनी मान वर केली नाही. "का? तू कुठे करतेस?"

तिने आपला ठोकळा पुढे सरकवला. दादांनी तिच्या ठोकळ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग हातातलं पातं हळूच टेबलावर ठेवलं.

ती उठली. उजेडाचे जुने ठोकळे ठेवलेला खण ओढला. कापून उरलेल्या ठोकळ्यांत अजून मेंदूचा मागचा भाग शाबूत होता, त्यामुळे खाच कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट दिसत होतं. एक बघितला. उजवीकडे. दुसरा. उजवीकडे. तिने सगळे बघितले. मग ती माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसली आणि माझ्या चाकाची मूठ घट्ट धरून राहिली. तिला सगळा उलगडा झाला होता. दादांच्या ठोकळ्यांची बाजू पालटून वाचली की उजेडातही डावीकडेच पेशी जास्त. उजेड काय, अंधार काय, सगळं सारखंच. शोध वगैरे काही नव्हता. होती ती फक्त दोन ठिकाणांची दोन वळणं.

"हे बघ," दादा हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. आत्ता कुणाला काही बोलू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. प्रस्ताव जाऊ दे. जागा मिळू दे. तू परत ये आणि मग सावकाश काय ते शोधून काढ. विज्ञानात नंतर दुरुस्त्या होतातच."

"पण हे खोटं आहे, दादा."

"अगं, खोटं तू बोललीस का? चूक झाली. आणि ती तुला आणि मला सोडून कुणालाही माहीत नाही. तोंड उघडलंस तर जागा गेली, एवढं लक्षात ठेव. घरी सगळ्यांना सांगून बसली आहेस ना?"

हे शेवटचं तिला लागलं. तिचा चेहराच सांगत होता. ती उठून खिडकीपाशी गेली. मला वाटलं, ऐकेल. खरं सांगू का मित्रांनो? मला वाटत होतं की तिने ऐकावं. म्हाताऱ्याचा स्वार्थ. ती परत आली असती तर मला तिने पाच वर्षं पुसलं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "दादा, मागच्या उन्हाळ्यात जो पाहुणा आला होता, त्यानेही तुमच्यासाठी ठोकळे केले होते ना? त्याने खाच कुठे केली होती?"

"त्याला मी सांगितलं होतं," दादा पटकन म्हणाले.

नव्हतं सांगितलं. मी होतो तिथे. पण मुलीने विश्वास ठेवला. ती तशीच मॅडमच्या खोलीकडे गेली आणि मॅडमना घेऊनच आली. माझ्याच टेबलावर तिने दोन ठोकळे शेजारी ठेवले आणि दोन्ही खाचा दाखवल्या. वाक्य एकही अर्धं सोडलं नाही. "मॅडम, माझं चुकलं. माझ्याकडे डावीकडे करतात. उजेडाने काही फरक पडत नाही. जे मी तुम्हाला दाखवलं ते सगळं चुकीचं आहे."

मॅडमनी भिंग घेतलं. एक ठोकळा बघितला, दुसरा बघितला. भिंग खाली ठेवलं. "तुला इथली पद्धत कुणी सांगितली नव्हती?"

मुलीने दादांकडे पाहिलं. दादा बेसिनमधली बरणी विसळत होते. ती मघाशीच विसळून झाली होती.

"मीच विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

मॅडमचे डोळे पाणावले. खोटं कशाला सांगू, खरोखर पाणावले. त्यांनी तिला जवळ घेतलं. "शाबास. असा प्रामाणिकपणा आजकाल दिसत नाही." आणि आठवड्याच्या बैठकीत त्यांनी ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. बैठक आमच्याच खोलीत, मोठ्या टेबलाभोवती व्हायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "खरी वैज्ञानिक!" कुणी तिच्याशी हात मिळवला. ती मान खाली घालून हसत होती. मलाही वाटलं, चला, म्हणजे झालं गेलं गंगेला मिळालं. आता पोरीचं भलं होणार.

बैठक संपली, खुर्च्या सरकल्या, आणि मॅडम तिला म्हणाल्या, "त्या जागेचं मात्र आता काही खरं नाही. प्रकल्पच त्या निकालावर उभा होता. निकाल नाही तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर जागा तरी कुठून आणू? पण वाईट वाटून घेऊ नकोस. तू फार मोठी गोष्ट केलीस."

"मॅडम, दुसऱ्या कुठल्या कामावर? काहीही चालेल. मी कापत बसेन."

"बघते," मॅडम म्हणाल्या. बघते या शब्दाचा अर्थ सगळ्या भाषांत एकच असतो.

ती गेल्यावर मॅडम दादांना काय म्हणाल्या, तेही सांगतो. मला ते विसरता येत नाही. "मुलगी गुणी आहे रे. पण पाया कच्चा. डावं-उजवं ज्याला पक्कं नाही त्याला जागा कशी द्यायची?" आणि दादा म्हणाले, "हो ना."

हो ना! एवढं त्यांना बोलता आलं.

संध्याकाळी तिने फोन लावला. या वेळी फोन मोठ्या आवाजात नव्हता, पण आईचा आवाज मुळातच मोठा होता.

"आई, ती जागा नाही मिळाली गं."

"का? काय झालं? तू काही चुकलीस का?"

"हो. म्हणजे एक चूक होती. कुणालाच कळली नव्हती. मला कळली, मग मी सांगितलं."

"तू होऊन सांगितलंस?"

"हो."

"मग?"

आईने लहानपणापासून तिला खरं बोलायला शिकवलं होतं. पण खरं बोलल्यावर पुढे काय होतं, ते आईलाही माहीत नव्हतं. "खरं बोलणाऱ्याला कुणी असं करतं होय?" आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मागून बाबा म्हणाले, "फोन दे इकडे." पण फोन घेतल्यावर त्यांनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "जेवले." जेवली नव्हती.

शेवटच्या दिवशी तिने मला नेहमीसारखं झाडलं, पुसलं, तेल घातलं. "आजोबा" म्हणाली नाही. निरोपाला केक कापला, त्याचा तुकडा कागदावर तसाच राहिला. मावशीचा स्वेटर बॅगेत बसेना म्हणून तिने तो एवढ्या उकाड्यात अंगात घातला आणि गेली. ती आता एका खासगी शिकवणीत मुलांना परीक्षेची उत्तरं पाठ करून घेते, असं दादा एकदा कुणाला तरी सांगत होते. तिथे सूक्ष्मदर्शक नाही. तिने पुन्हा कुठे अर्ज केला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीही नसती. जगात असं होतं, म्हणून गप्प बसलो असतो.

ती गेल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी मॅडमखेरीज सगळे जेवायला गेलेले असताना, दादा मागच्या उन्हाळ्याचा खण घेऊन माझ्यापाशी आले. त्या पाहुण्याचे ठोकळे. दादांच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या ठोकळ्यांवर उभं होतं, तेही खाच उजवीकडे आहे असं धरून. त्यांनी एक उचलला, उजेडाकडे धरला. खाच डावीकडे. दुसरा उचलला. डावीकडे. दादा स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर ती बसली होती. मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि मॅडम आत होत्या. चार पावलं जायचं, बस्स. ते उठलेही. दारापर्यंत नजर गेली. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यांना त्या क्षणी ती मुलगी आठवली. तिला मिळालेल्या टाळ्याही आठवल्या असतील, आणि टाळ्यांनंतर जे झालं तेही.

ते परत बसले. पहिला ठोकळा माझ्या पकडीत आवळला आणि चाक फिरवायला लागले. पाण्यावर फीत घ्यायला नव्हे. नुसतंच. फीत खाली पडत राहिली, लादीवर तिचा ढीग झाला. खाच असलेला सगळा भाग कापून संपला, मेंदू संपला, कोरं मेण लागलं तेव्हा थांबले. मग दुसरा ठोकळा. माझं पातं चांगलं धारदार होतं. जाण्याआधी तिनेच ते बदलून ठेवलं होतं. मी अडकून बघितलं, कुरकुरलो. पण दादांचा हात तयारीचा. खण रिकामा झाल्यावर त्यांनी केर भरला, कचऱ्यात टाकला, हात धुतले. पाणी माझ्यावर उडालं.

ते आता डॉक्टर झाले आहेत. पदवी मिळाली त्या दिवशीही याच टेबलाभोवती टाळ्या झाल्या. मॅडम म्हणाल्या, "शाबास." माझ्या डोक्यावर पुन्हा हातमोज्यांची खोकी आहेत. पुढच्या उन्हाळ्याआधी मला भंगारात काढायचं ठरलंय, असं ऐकतो. काढू देत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात की आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. मला ते काही नको. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्यातलं कुणीतरी उद्या मोठं होईल, खुर्चीवर बसेल. तुमच्या दारात एखादं नवखं पोर थरथरत येईल आणि म्हणेल, "माझं चुकलं." तेव्हा त्याला शाबास म्हणू नका. शाबास फुकट असतं. त्याला बसायला सांगा, त्याचं काम त्याच्याकडेच राहू द्या आणि म्हणा, "उद्या ये, परत करू." कारण त्या वेळी दाराबाहेर दुसरं कुणीतरी उभं असतं, हातात स्वतःची चूक घेऊन. आत यावं की परत फिरावं, हे ते तुमच्याकडे बघून ठरवत असतं.